ऐकून काढलेले चेहरे

सातारा,
१२ नोव्हेंबर १९४६

सौ. चंपावहिनी यांस सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी भेट एकदाच झाली. गुणमालाला रौप्यपदक मिळालं त्या वर्षी तुम्ही आणि आदगोंडादादा मुंबईला आला होतात. प्रदर्शनाच्या दालनात तुम्ही चपला हातात घेऊन फिरत होतात. तुमच्या नणंदेशेजारी एक उंच, काळी मुलगी उभी होती, ती मी, शालू निकम. कलाशाळेत आम्ही चार वर्षं शेजारी बसलो आणि वसतिगृहात एका खोलीत राहिलो. हल्ली मी साताऱ्याला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते.

उन्हाळ्यापासून मी गुणाला तीन पत्रं घातली. एकाचंही उत्तर नाही. रागावली असेल म्हणावं, तर तिचा राग मला ठाऊक आहे. रागावली की ती चार पानं लिहिते. म्हणून आता तुम्हाला लिहिते आहे.

पुण्याच्या एका मासिकाला आजच्या स्त्री-चित्रकारांवर लेख हवे आहेत. गुणावर मी लिहावं असं संपादक म्हणतात. पण त्यांनी पुढे असंही लिहिलं आहे, "एक्केचाळीसपर्यंतच लिहा, त्यानंतर बाईंनी काही केलेलं दिसत नाही." मागे एका प्रदर्शनात एक गृहस्थ माझ्यादेखत म्हणाले होते, "बायकांचं हे असंच. पंचविशीत पदक, तिशीत पापड." मला ते अजून टोचतं. तेराव्या वर्षी कपाळ पुसलं गेलेली मुलगी, वडिलांनी हट्टाने शिकवली, तिने हातात आलेला कुंचला असा ठेवून दिला असेल हे मला पटत नाही.

गुणा कधी कागद टाकत नसे. ट्रामची तिकिटंसुद्धा ठेवायची. पलंगाखाली तिची हिरवी पत्र्याची ट्रंक असे. ती अजून असेल, तर तिला विचारून उघडाल का? आणि एक्केचाळीसनंतरचं आत काय आहे ते मला कळवाल का? पुढच्या हिवाळ्यात इथल्या वाचनालयात तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं माझ्या मनात आहे.

तिची प्रकृती कशी आहे, तेही लिहा.

तुमची,
शालू निकम


॥ श्री वीतरागाय नमः ॥

दुधगाव,
ता. २ डिसेंबर ४६

शालूताईंना चंपाबाईचा जयजिनेंद्र.

पत्र पावलं. मला लिवायला येळ लागतो. अक्षर मला वन्संनीच शिकवलं, पाटीवर, तवा चुकलं-माकलं पोटात घाला. मीबी तुमाला वळखलं. त्या दालनातली फरशी अशी चकचकीत हुती की पाय ठिवायचा धीर हुईना.

तुमचं पत्र वन्संना वाचून दावलं. त्या म्हनल्या, "ट्रंक माळ्यावर आहे. उघडा काय उघडायचं ते. मला काही विचारू नका." एवढंच. तब्येत बरी हाय. डोळ्याला जरा तरास हुतोय म्हनून चित्रं काढत न्हाईत. शेंगा फोडू लागत्यात, बस्तीत देवाच्या दर्शनाला जात्यात, आन् सोप्यात भिताडाकडं त्वांड करून बसत्यात.

ट्रंक आमच्या ह्यांनी खाली काढून दिली. वरच्या अंगाला पदकाची डबी, पेपरातली कात्रणं, तुमी दोगी समुद्रापाशी हुब्या हाय त्यो फोटू. रंगाच्या नळ्या, पार वाळून दगड झालेल्या. त्याच्या खाली जुन्या लुगड्यात बांधलेलं कागदाचं लय मोठं गठुडं. त्यात नुस्ती नाकं हायत, ताई. नाकं, कान, हनवट्या, भुवया. अख्खं मानूस एक न्हाई. कोपऱ्यात नावं लिवल्यात, राहीबाई म्हसवड, बनुबाई खंडाळा, अशी. मला ह्यातलं काय कळत न्हाई. थोडं कागद ह्यांच्याजवळ देते, ते मिरजेस्नं पोस्टानं पाठवतील.

वन्संची काळजी करू नका.

चंपाबाई


सातारा,
१० जानेवारी १९४७

चंपावहिनी, नमस्कार.

कागद पोचले. मी ते खोलीभर मांडून बसले आहे आणि घरमालकीण मला वेडी ठरवून गेली आहे.

तुम्हाला काय सांगू! इतकं सूक्ष्म काम गुणाने मुंबईतही केलं नव्हतं. एकच नाक तीन वयांत काढलं आहे, म्हातारीच्या चेहऱ्यावरचं, मग मध्यमवयीन बाईचं, मग विशीतल्या पोराचं. कानाच्या पाळीचे तर पंधरा नमुने. हे सगळं कशासाठी असेल ते माझ्या ध्यानात आलं आहे. गुणा एका प्रचंड चित्राची तयारी करत असणार. शेकडो माणसं असलेलं, एखाद्या भिंतीएवढं, आपल्या खेड्यांचं चित्र. त्यासाठी तिने गावोगावच्या बायका नमुना म्हणून बसवल्या आणि त्यांची नावं कोपऱ्यात टिपून ठेवली. मग डोळ्यांनी दगा दिला आणि चित्र राहून गेलं. किती वाईट!

मी लेखाला सुरुवात केली आहे. शीर्षक ठेवलं आहे 'न काढलेलं महाचित्र'. संपादक नक्कीच खूश होतील. साताऱ्यात डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत. गुणाला घेऊन या, माझ्याकडे उतरा. तिला एवढंच विचारा, त्या मोठ्या चित्राचा विषय काय होता?

तुमची,
शालू


दुधगाव,
ता. २८ जानेवारी ४७

शालूताईंना जयजिनेंद्र.

तुमचं पत्र मी वन्संना वाचून दावलं न्हाई. मोठं चित्र कुठलं न्हाई, ताई. तसलं काय लिवू नका. लोकं हसतील, आन् वन्संना लागंल.

डोळं चांगलं हायत त्यांचं. मला काय कळत न्हाई म्हनलं तेबी खरं न्हवं. मी तिथंच बसून हुते, सगळ्याला. आता सांगते.

आमच्या मळ्यात हरणाबाई म्हनून कामाला हुती, अजून हाय. तिचा अर्जुना पलटनीत गेला आन् आफ्रिकंच्या वाळवंटात मेला. बेचाळीस साली तार आली. मढं न्हाई, फोटू न्हाई. एक दिस कामावरनं ती सरळ सोप्यात आली. वन्सं तवा मुंबईच्या प्रदर्शनाचं कायतरी रंगवत हुत्या. म्हनली, "बाई, तुमी मानसं काढता न्हवं? माझा अर्जुना काढून द्या."

"मी त्याला पाहिलेला नाही, हरणाबाई."

"मी बगितलाय की. मी सांगते, तुमी काढा."

मला हसू आलं. वन्संना न्हाई आलं. त्यांनी नवा कागद घेतला. "नाक कसं होतं?"

"नाकावानी नाक."

"तुमच्यासारखं?"

"न्हाई. आत्याच्या वळनावर गेलता. आत्या कवठ्याला दिलीया."

दुसऱ्या दिशी ती आत्याला धरून घिऊन आली. आत्याचं नाक काढलं, मामाचं कान काढलं, कपाळ हरणाबाईचं. मग हरणाबाई शेजारी बसून सांगाय लागली, हितं जरा दाबा, हितं गाल भरा, दाढी नुकती फुटत हुती. पुसायचं, पुन्हा काढायचं. चार दिस शेंगा तशाच पडल्या, मी दोगींच्याकडं बगत बसले. शेवटी सगळं जमलं तरी ती म्हनली, "न्हाई. ह्यो लय शाना दिसतोय. माझा भोळा हुता." वन्संनी ओठ लईसं न्हाई, जरासं उघडं केलं.

हरणाबाई रडली न्हाई. पदर सावरला आन् म्हनली, "आलास व्हय रं."

मुंबईचं चित्र तसंच राह्यलं. त्या दिसापासनं वन्संनी मुंबईला काय धाडलंच न्हाई. बाया यायला लागल्या. उंब्रज, खंडाळा, पार म्हसवडपातुर. कुनी चालत, कुनी रेल्वेनं मिरजेस्नं. घरटी पोरगं लामावर, लढाईवर गेलेलं, आन् मागं एक तार. आमच्यात दिस मावळायच्या आत जेवत्यात, म्हनून वन्सं त्यांना आधी जेवू घालायच्या, मग दिवा लावून बोलत बसायच्या. एकदा मुंबईस्नं प्रदर्शनवाल्यांचं मोठं पाकीट आलं, तर त्याच्या पाठीवर त्यांनी कुनाचीतरी हनवटी काढली.

तुमी म्हनता त्या नमुन्याच्या बाया ह्याच. नाव आयचं हाय. नाक पोराचं हाय.

पुढचं हाय, पन ते मला लिववत न्हाई.

चंपाबाई


सातारा,
१७ मार्च १९४७

चंपावहिनी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी लेख फाडला. मी सुभेदाराची मुलगी. आमच्या घरी पलटणीच्या तारा वाचून घ्यायला बायका यायच्या, आणि मी त्या वाचून द्यायची. त्यानंतर त्या घरी जाऊन कशाकडे बघत बसत असतील, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही.

मग मला घरी बसवेना. परीक्षा आटपल्या आणि मी म्हसवडला गेले.

राहीबाईचं घर सिद्धनाथाच्या देवळामागे आहे. कणगीच्या वर, भिंतीला ते चित्र. पदक मिळालेल्या चित्रात गुणाने पितळेच्या घागरीवर जो उजेड काढला होता त्याबद्दल परीक्षक वेडे झाले होते. इथे उजेड कुठल्याच बाजूने येत नाही. सावली नाही. चेहरा नुसता आहे. कलाशाळेत हे चूक ठरलं असतं. पण तो मुलगा, वहिनी, काहीतरी सांगायला तोंड उघडतो आहे आणि आपण वाट बघत राहतो.

मी राहीबाईंना म्हटलं, "प्रदर्शनासाठी चार दिवस द्याल? मी स्वतः परत आणून देईन."

त्या म्हणाल्या, "आन् चार दिस त्यानं जेवायचं कुठं?"

चित्राखाली भाकरीची ताटली होती. त्यांनीच मला जेवायला वाढलं, त्याच्या शेजारी बसवून.

तिथून खंडाळ्याला गेले. बनुबाईंनी घरातलं चित्र दाखवलं, शेजारच्या दोन घरांतली दाखवली. मी म्हटलं, ट्रंकेतल्या कागदांवर चंद्राबाई असंही नाव आहे, त्यांचं घर कुठलं? तर बाकीच्या उठून आत गेल्या. मग बनुबाई म्हणाल्या, "त्या घराला कुलूप हाय. त्या चित्राचं इचारू नका बाई. नाथाजीचं नाव तर दुधगावात काढूच नका."

मी तुमच्याकडे काढते आहे. रागावू नका. गुणा माझ्याशी का बोलत नाही ते तिथेच कुठेतरी आहे, असं मला वाटतं.

शालू


दुधगाव,
अक्षयतृतीया, ४७

शालूताई,

तुमी राहीबाईच्यात जेवलात, म्हनून सांगते. न्हाईतर सांगितलं नसतं.

चंद्राबाई खंडाळ्याची. मालक मेलेला, एकच पोरगा नाथाजी. शिंगापूर पडलं तवा पलटन तिथं हुती. सरकारचा कागद आला, बेपत्ता हाय, बहुतेक मेला. ती त्रेचाळीस साली हितं आली आन् आठवडाभर राह्यली. इतकी बोलकी बाई म्या बगितली न्हाई. दुसऱ्या बाया सांगताना रडायच्या, ही हसायची. नाथा गूळ कसा चोरायचा, रेड्यावर बसून कसा पडला, सगळ्याचं हसू. चित्र लय सुरेख झालं. गोल त्वांड, पटका, एकुणीस वर्साचा. ती त्याला डोक्यावर घिऊन गेली.

लढाई संपली आन् त्या साली दिवाळीच्या टायमाला नाथाजी घरी आला. जिता.

जपान्याच्या कैदेत हुता म्हनं. केस गेलं, दात गेलं, गालाला ही एवढी खोक. आय दारात आली. त्याच्याकडं बगितलं, मग आत भिताडाकडं बगितलं.

"कोन पायजे, पाव्हणं?"

"आये, मी नाथा."

"नाथा घरात हाय."

लोकांना वाटलं, हुईल बरी. कुनी वळखीच्या खुणा सांगितल्या, कुनी देवऋषी आनला. काय उपेग झाला न्हाई. वाईट वागायची न्हाई ती. भाकरी द्यायची, घोंगडं द्यायची, पन पाव्हण्याला द्यावं तशी, वसरीवर. आन् चित्राफुडं रोज ताटली.

मग एक दिस नाथाजी हितं आला. अंगात पलटनीचा कोट, त्यात मानूस असा न्हाईच. काखंत ते चित्र.

वन्संना म्हनला, "बाई, हे जरा दुरुस्त करून द्या."

वन्सं म्हनल्या, "काय चुकलंय?"

"चुकलं कायबी न्हाई. मी असाच हुतो. पन आता असा न्हाई. तुमी माझ्यावानी करा, म्हंजी आय मला वळखंल."

वन्सं न्हाईच म्हनल्या आधी. "तिला थोडा वेळ द्या, नाथाजी."

"दिला की. उनाळा आला. आजून मी वसरीवरच हाय, बाई."

मग बसल्या. गाल आत घेतलं, खोक काढली, पटका पुसला. त्यो फुडं बसून हुता, हालला न्हाई. झाल्यावर बगितलं, म्हनला, "व्हय. ह्यो मी." लय समाधानानं गेला, ताई. जाताना मलाबी नमस्कार केला.

फुडचं बनुबाईनं येऊन सांगितलं. त्यानं चित्र जाग्यावर लावलं आन् आयला हाक मारली. चंद्राबाईनं बगितलं. भिताडावरनं चित्र खाली घेतलं, भुईवर निजवलं, तुळशीचं पान आनलं आन् चित्राच्या तोंडात पानी घातलं. मग जी किंकाळी फोडली ती साऱ्या गावानं ऐकली. माझा नाथा गेला, माझा नाथा गेला. नाथाजी तिच्या शेजारी बसून, "आये, मी हितं हाय." ती त्याला म्हनली, "पाव्हणं, तुमी तरी कुठवर बसनार? जावा आता."

त्या दिसापासनं अन्न घेतलं न्हाई. थोड्या दिसांनी गेली. अग्नी नाथाजीनंच दिला. चित्र चितंवर ठिवलं, घराला कुलूप घातलं आन् निघून गेला. कुठं ते ठावं न्हाई.

बनुबाई गेल्यावर वन्संनी सगळी ब्रशं धुतली, पुसली, वाळवली आन् चुलीत घातली. मी हात धरला तर म्हनल्या, "तिचा पोरगा दोनदा गेला, वहिनी. एकदा सरकारनं सांगितलं आणि एकदा मी."

तवापासनं वरीस झालं. तुमची तीन पत्रं त्यांनी वाचल्यात. उशाखाली हायत.

चंपाबाई


सातारा,
२० जून १९४७

चंपावहिनी,

तुमच्या पत्राला दोन महिने उत्तर लिहिता आलं नाही. लिहायला बसले की कागद कोराच राहायचा.

आता कारण आहे म्हणून लिहिते. नाथाजी साताऱ्यात आहे. माझ्या वडिलांच्या, आबांच्या ओळखीच्या एका पेन्शनर जमादाराने सांगितलं, एका लाकडाच्या वखारीवर राखणदार म्हणून तो असतो. मी गेले. जावं की नाही याचा फार विचार केला, आणि मग गेलेच.

तो ओंडक्यावर बसला होता. मी दुधगावच्या बाईंची मैत्रीण म्हटल्यावर उभा राहिला, पलटणीत राहतात तसा. मी म्हटलं, "गुणाने त्या दिवसापासून चित्र काढलेलं नाही."

त्याला ते माहीत नव्हतं. म्हणाला, "त्यांचा काय दोष? मी सांगितलं तेच केलं त्यांनी. मलाच घाई झालती."

मी निघाले तेव्हा मागून हाक मारली. म्हणाला, "बाई, एक इचारू का? आयचा फोटू न्हाई. कैदेत हुतो तवा रोज तिचं त्वांड आठवायचं, त्याच्यावरच जगलो. आता आठवाय गेलं की तेवढंच दिसतं, ती माझ्याकडं पाव्हण्याकडं बगावं तशी बगतीया. त्याच्या आधीचं त्वांडच येत न्हाई. मी त्यांना काय सांगनार? न्हाईतर म्हनलो असतो, आयचं काढून द्या."

मी त्याला काही आश्वासन दिलं नाही. लेख थांबवला आहे, प्रदर्शनाचंही कुणाशी बोलत नाही. पण हे गुणाला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तिच्याजवळ तुम्ही आहात, मी नाही.

शालू


दुधगाव,
ता. २४ ऑगस्ट ४७

शालूताईंना जयजिनेंद्र.

मी ठरीवलं न्हाई. पत्र वन्संच्या पुढ्यात ठिवलं आन् गोठ्यात गेले. आले तर म्हनल्या, "त्याला यायला सांगा." मग ह्यांनी तुमच्याकडनं वखारीचा पत्ता मागवून तिथं कार्ड टाकलं, ते तुमाला ठावं हायच.

त्यो गेल्या आठवड्यात आला. साळंवर नवा झेंडा अजून तसाच हुता, पोरांच्या हातात साखरंच्या पुड्या. त्यो दारात आला आन् वन्सं उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. त्यो वसरीवरच बसला. मी आत या म्हनलं तर आला न्हाई.

दुपारी वन्सं भाईर आल्या. हातात चुलीतला कोळसा. दुसरं हुतं काय घरात? त्याच्याफुडं भुईवर बसल्या, मांडीवर पाट, पाटावर कागद.

त्यो म्हनला, "बाई, मला सांगता यायचं न्हाई."

वन्सं म्हनल्या, "तुम्ही नका सांगू. मी सांगते. मी त्यांना आठवडाभर पाहिलंय."

आन् काढता काढता बोलाय लागल्या. "तुम्ही गूळ चोरला ते सांगताना त्या पदर असा दाताखाली धरायच्या. हसू आलं की डावा डोळा आधी बारीक व्हायचा. रेड्यावरनं पडलात ते सांगताना हात असा कपाळाला." वरीसभर त्या इतक्या बोलल्या न्हवत्या. त्यो कागदाकडं बगत नुस्ता म्हनायचा, "व्हय. व्हय."

झाल्यावर त्यानं कागद दोनी हातात धरला. "हे कवाचं त्वांड, बाई?"

"तुमच्याबद्दल सांगतानाचं."

"म्हंजी मी न्हवतो तवाचं."

"हो."

त्यानं कागदाची सुरळी केली. मग म्हनला, "चालंल." कोटाच्या आत घातला कागद, आन् गेला. पानी दिलं तेबी घेतलं न्हाई.

मी म्हनलं, "वन्सं, कोळशाचं टिकंल का हो? कोटाला पुसून जाईल की."

त्या म्हनल्या, "घरी पोचेपर्यंत टिकेल." आन् हात धुवून बस्तीला गेल्या.

मला वाटलं हुतं, आता पुन्हा काढतील. न्हाई. सोप्यात भिताडाकडं त्वांड करून बसत्यात, पहिल्यावानी. फकस्त काल तुमची सगळी पत्रं मागून घेतली.

चंपाबाई


दुधगाव,
३० ऑक्टोबर १९४७

प्रिय शालू,

तुझी पत्रं वाचली. वहिनींनी तुला काय लिहिलं तेही त्यांच्याकडून ऐकलं. त्यांनी माझं फार चांगलं लिहिलं असणार. त्यातलं निम्मं कमी कर.

उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. द्यायला काही नव्हतं. आता थोडं आहे.

लेख तू लिही. एक्केचाळीसनंतर बाईंनी काम केलं असं लिही, पण पाहायला मिळणार नाही असंही लिही. राहीबाईकडे मागायला गेलीस ते मला आवडलं नाही. तिने जेवू घातलं म्हणून सुटलीस. पण तुझा हेतू मला कळतो. तुला ती चित्रं वाटतात. राहीबाई आहे तोवर ती चित्रं नाहीत. प्रदर्शनात लोक विचारतील, चेहरा जमलाय का? ते सांगू शकणारं माणूस जगात एकेकच आहे, आणि ते माणूस तुझ्या वाचनालयात येणार नाही. नाथाजीचं तेवढं दोघांना सांगता येत होतं. त्यातली एक गेली, आणि ते चित्रही गेलं.

गेल्या आठवड्यात उंब्रजची दगडाबाई वारली. तिचा नानासो ब्रह्मदेशात लढाईत गेला होता. तिच्या भावकीतले दोघे जण चित्र पोत्यात गुंडाळून घेऊन आले आणि ओसरीवर ठेवून म्हणाले, "बाई, हे तुमचं असंल. आमच्यात ह्याला बगितलेलं आता कोन न्हाई. भिताडावर ठिवायचं तर कोन म्हनून ठिवायचं?" मी विचारलं, नाव तरी ठाऊक आहे? एक म्हणाला नानासो. दुसरा म्हणाला, न्हाई, नानासो थोरला, ह्यो धाकटा. तेवढ्यावरून त्यांची जुंपली. मी त्यांना जेवू घातलं आणि वाटेला लावलं.

चित्र मी आता तीन वर्षांनी पाहिलं. उजवी भुवई मी जरा जास्त चढवली आहे. दगडाबाई त्या वेळी काही बोलली नव्हती. चालवून घेतलं असणार तिने. बाकी ठीक आहे. ओठांचं काम मला आजही करता आलं नसतं.

ते मिरजेहून रेल्वेने तुझ्या नावावर पाठवते आहे. सातारा रोड स्टेशनवर कुणाला तरी उतरवून घ्यायला पाठव. वाचनालयात लावायचं तर लाव. खाली माझं नाव घाल आणि १९४४ साल घाल. त्याचं नाव घालू नकोस. खात्री नाही.

बाकीची येतील तशी पाठवत जाईन.

तुझी,
गुणा